अंतर दीड हात

माझ्या ट्रंकेच्या तळाशी शिळाछापाचं एक पातळ पुस्तक आहे. मानमोडीच्या साथीनंतर शाळा पुन्हा कशा उघडाव्यात, याच्या उत्तम रीती त्यात एकत्र केल्या आहेत, असं पहिल्या पानावर छापलंय. त्या रीती गोळा करायचं काम मी केलं, आणि त्यातली पहिली रीत खोटी आहे हेही मलाच ठाऊक आहे. ती खोटी कशी झाली, आणि तिच्यापायी एका गावातल्या गावकुसाबाहेरच्या चार पोरांची शाळेतली जागा कशी जाता जाता राहिली, एवढंच मला सांगायचं आहे. मानमोडीचं वर्णन करायला माझ्यापेक्षा रडके लेखक पुष्कळ आहेत.

मी त्या वेळी कोल्हापुरात शिक्षणखात्याच्या कचेरीत कारकून होतो. कारकून, पण बी. ए.; हे मी आज मुद्दाम सांगतोय, त्या काळी तर कोणी न विचारता सांगायचो. आमच्या घरी तेलाचा घाणा. आजा घाण्यावर, बाप घाण्यावर, दोन्ही चुलते घाण्यावर. मी जातीच्या बोर्डिंगात राहून, इथल्याच कॉलेजात शिकून, मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आलो. आमच्या बैलाच्या डोळ्याला झापड होती आणि माझ्या डोळ्याला चष्मा. "दोघांच्याबी डोळ्याची येवस्था झाली," असं बाप गल्लीत सांगायचा. कचेरीत मला पाठीमागं तेल्याचा बी. ए. म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती, कारण अवघड इंग्रजी कागद आला की तो सगळ्या टेबलांवरून घरंगळत शेवटी माझ्याकडंच यायचा.

दसऱ्याच्या सुमाराला मानमोडी आली. ताप भरायचा, मान धरायची, आणि चौथ्या दिवशी माणूस एक तर उठायचा, नाहीतर उचलावा लागायचा. शाळा बंद झाल्या. दिवाळीनंतर साथीचा जोर ओसरला, तेव्हा वरून हुकूम आला की शाळा उघडायच्या, पण जपून. आणि ज्या शाळांनी साथीत काही चांगली काळजी घेतली असेल तिची माहिती गोळा करून सगळ्या शाळांना कळवायची. हुकूम चांगला होता. हुकूम बहुतेक चांगलेच असतात. वरून खाली उतरताना ते आमच्यासारख्यांच्या हाताला लागतात, तिथं त्यांचं वाटोळं होतं.

आमचे साहेब विद्वान होते. म्हणजे त्यांना साधं बोलता येत नसे. शाळा उघडणे याला ते 'पाठशालेचा पुनरारंभ' म्हणत. दवाखान्यातल्या डॉक्टरनं एक चिठोरं पाठवलं होतं: मुलं मोकळ्या हवेत बसवा, दोन मुलांत दीड हात जागा ठेवा, आजारी पोर घरी ठेवा. साहेबांनी त्या चिठोऱ्याची सात पानं केली. पानं झाल्यावर प्रत्येक मास्तरनं भरून पाठवायचा एक तक्ता तयार करायचा होता. तक्ता मंजूर झाला तरच शाळा उघडायची, नाहीतर बंद. शिवाय ज्याच्या तक्त्यात काही घेण्यासारखं दिसेल त्याची रीत पुस्तकात जायची.

दोन मुलांमधल्या जागेच्या रकान्याला साहेबांनी नाव दिलं, 'विद्यार्थ्यांच्या आसनांमधील परस्परव्यवधान'.

मी म्हटलं, "साहेब, एवढं लिहिलं तर उत्तराला जागा उरायची नाही."

"मग आपण काय लिहाल?"

मी टाक बुडवला आणि लिहिलं: अंतर. तीन अक्षरं. साहेबांनी ती तीन अक्षरं बराच वेळ न्याहाळली आणि "हं, चालेल" म्हणाले. त्यांच्या तोंडून 'चालेल' ऐकणं म्हणजे शालजोडी मिळण्यासारखं होतं. मी छाती काढून घरी गेलो.

बाप घाण्यापाशी बसला होता. त्यानं विचारलं, "काय करत्यात आजकाल कचेरीत?"

"उत्तम रीती गोळा करतोय."

"कुणाकडनं?"

"मास्तरांकडनं."

"आन् गोळा करून?"

"मास्तरांना वाटायच्या."

बापानं बैलाला हाक घातली. "म्हंजी घाणाच की रं," तो म्हणाला.

मला राग आला. अडाणी माणसाला काय कळणार, असं मनात म्हटलं. बी. ए. होऊन पहिली गोष्ट मी शिकलो असेन तर ती ही, बापाला अडाणी म्हणायचं, आणि तेही मनात.

पंधरा दिवसांत तक्ते येऊ लागले. ते उघडायला साहेब स्वतः बसले आणि मी शेजारी उभा राहिलो.

अंतर: साडेचार कोस.

अंतर: सहा कोस, पैकी दोन चढाचे.

अंतर: ओढ्यास पाणी असता येणे नाही.

संस्थानातल्या कुठल्याही सरकारी तक्त्यात पहिल्यांदा गावाचं नाव असे आणि मग त्या गावाचं पेट्याच्या ठाण्यापासून अंतर. पेटा म्हणजे आताचा तालुका. मास्तरांच्या हाताला ते इतकं वळणी पडलेलं, की 'अंतर' दिसलं की कोस लिहायचे. पुढच्या रकान्यात काय काळजी घेतली ते विचारलं होतं. तिथं निम्म्या मास्तरांनी लिहिलं होतं, 'उंदीर पडले नाहीत.' मानमोडीत उंदीर कशाला पडतील? पण मागं प्लेगच्या वेळी असाच तक्ता भरलेला, त्याची नक्कल ज्यानं ज्यानं जपून ठेवली होती, त्यानं त्यानं तीच समोर ठेवून उतरून काढली होती. एकानं मारुतीला नारळ दिल्याचं कळवलं होतं. एकानं वारं येऊ नये म्हणून शाळेची खिडकी मातीनं लिंपून घेतली होती, आणि ही रीत इतर शाळांनी अवश्य घ्यावी अशी शिफारसही केली होती.

"अंतराची सरासरी काढा," साहेब म्हणाले.

"साहेब, पोरं कोसा-कोसावर बसवली तर फळा दिसायचा नाही."

साहेब हसले नाहीत. विनोद पोचायला त्यांना दोन दिवस लागत. दोन दिवसांनी त्यांनी ठरवलं की मास्तरवर्ग अज्ञानी आहे. मीही मान हलवली. शब्द माझा होता, हे काही मी बोललो नाही. मास्तर अज्ञानी, मास्तर अज्ञानी, असं आम्ही दोघांनी मिळून आठवडाभर म्हटलं आणि आमचं काम पुढं सरकलं.

मग तो एक तक्ता आला. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला भाताचं एक गाव आहे, तिथल्या मास्तरचा. वळणदार मोडीत लिहिलेलं:

अंतर: पूर्वीपासून आहे. आजार: सोप्यावरच्या मुलांत नाही.

साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "पाहिलंत? डॉक्टर सांगण्याच्या आधीपासून अंतर. आणि परिणाम पाहा. याला दूरदृष्टी म्हणतात. आपल्या संग्रहात ही रीत पहिली."

कोल्हापूरच्या मातीत जन्मलेल्या माणसाला 'पूर्वीपासूनचं अंतर' म्हणजे काय ते समजायला बी. ए. व्हावं लागत नाही. मी म्हटलं, "साहेब, हे अंतर निराळं असावं."

"अंतर म्हणजे अंतर. शब्द आपणच सुचवला होतात."

मी तक्त्याची घडी घातली. "आपण स्वतः जाऊन पाहून या," साहेब म्हणाले, "आणि सविस्तर वर्णन लिहून आणा. भाषा जरा प्रौढ असू द्या."

दोन दिवसांची गाडीवाट. भाताच्या मळण्या चालू होत्या आणि माणसं कमी होती. एका खळ्यावर नुसत्या बायका आणि म्हातारे दिसले तेव्हा गाडीवान म्हणाला, "ह्या खळ्यावर तरणं माणूस ऱ्हायलं न्हाय." मी ते वहीत लिहिलं नाही, कारण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

शनिवारी दुपारी पोचलो. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढं सोपा, म्हणजे उघडी ओसरी. सोमवारी उघडायची होती. मास्तर किल्ली घेऊन आला; चाळिशीचा, वाळका, टोपी कानापर्यंत ओढलेली. खोलीला एकच खिडकी आणि तीही पोतं ठोकून बंद केलेली. आत कोंदट, ओला वास. तीसेक पोरं या खोलीत मांडीला मांडी लावून बसायची. बाहेर सोप्यावर, पायरीच्या कडेला, चारजण बसायची. ती महारवाड्यातली. त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. पाटी लांबून दाखवायची, मास्तरनं आतूनच बघायचं आणि 'बरोबर' नाहीतर 'गाढवा' म्हणायचं. पूर्वीपासूनचं अंतर ते हे.

साथीच्या सुरुवातीला, शाळा बंद व्हायच्या आधी, खोलीतली पोरं एकामागून एक पडली होती. काही उठली नव्हती. सोप्यावरच्या चारांतलं एकही पडलं नाही.

"वाऱ्यात बसून त्यांना काही झालं नाही, हा चमत्कारच म्हणायचा," मास्तर म्हणाला.

"चमत्कार नव्हे. हवा," मी म्हटलं. "ते पोतं कशाला ठोकलंत?"

"वाऱ्यानं ताप येतो म्हणून." थोडा वेळ तो खोलीच्या पुढच्या भागाकडं बघत राहिला. "माझा मुलगा पुढच्या ओळीत होता," तो म्हणाला.

मी पोत्याकडं बघायचं टाळलं. त्या माणसाला हसायची मी वाटभर तयारी करून आलो होतो. ती तिथं काही उपयोगाला आली नाही. नंतर आली, पाटील आल्यावर.

पाटील आले ते हातात पान घेऊनच. "पावणं, सरकारला आमचा तक्ता लई पटला म्हणं."

"पटला."

"पटंलच की. आता सोमवारपास्नं आमची पोरं सोप्यावर बसणार. हवा चांगली हाय तिथं, आता कळलंय समद्यास्नी."

मला बरं वाटलं. गावाला एवढं कळलं म्हणजे माझं अर्धं काम झालं. मी विचारलं, "आणि ती चार?"

"ती काय, हायत की मोकळ्या हवेला. त्यास्नी हवंची काय टंचाई?" पाटलांनी हातानं सगळं आभाळ दाखवलं.

"म्हणजे कुठं? या चिंचेखाली?"

"चिंचंखाली आमची जनावरं असत्यात. पल्याड, वढ्याच्या दरडीला बसत्याल. मास्तरांचा आवाज मोठा हाय."

मास्तरचा आवाज समोरच्या माणसाला ऐकू यायची मारामार होती. तो खाली बघत होता. ओढ्याची दरड शाळेपासून एवढी लांब, की तिथनं शाळेचं कौल तेवढं दिसत होतं.

आवाराच्या कडेला उकिरड्याजवळ एक बाई केव्हाची उभी होती. त्या चारांतल्या दोघांची आई. तिनं तिथनंच हाक घातली, "सायेब, माजं एक ऐका."

"ए, लांब," पाटील म्हणाले.

"लांबच हाय की पाटील. ह्याच्याम्होरं लांब जायाचं तर वढ्यात पडंन." ती माझ्याकडं वळली. "पोरं आत बसवली तर शाळा बाटती, म्हणून भाईर बसवली. आता भाईरची हवा चांगली निघाली, तर हवा बाटंल म्हणून उठवाय लागल्यात. तुमी सरकारची मान्सं. एकदा कागदावर लिवून द्या, हवा कुणाची हाय त्ये."

"तोंड बघा," पाटील म्हणाले आणि हसले.

"थोरलं तिसरीत हाय," ती म्हणाली. "धाकटी आता कुटं पाटीवर नाव काडती. दरडीवर बसवली तर मास्तर दिसायचं न्हाईत. चार दीस बसतील, आन् पाचव्या दिशी ढोरामागं जातील. मग त्यास्नी कोन वळून आणंल? मी?"

मी वही उघडून पुन्हा मिटली. बी. ए.ला हवा हा विषय नव्हता.

पाटलांकडं जेवायला बसलो तेव्हा पाटील नातवाबद्दल बोलत राहिले. नातू मानमोडीतून वाचला होता. यंदा चौथीला बसायचा, पास झाला की तलाठ्याच्या वर्गाला घालायचा. कुळकर्ण्यांची वतनं गेली, आता तलाठी येणार, तेव्हा आपलाच पोरगा तलाठी असलेला बरा. शाळा अगोदरच दोन महिने बुडाली होती. आणखी बुडाली तर वर्ष जाणार. पाटलांना झोप लागत नव्हती ती याच्यापायी. मी भाकरी मोडत ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी मी मास्तरला म्हटलं, "शेरेबुक काढा."

प्रत्येक शाळेत एक शेरेबुक असायचं. वर्षातनं एकदा दिप्टी, म्हणजे शाळा तपासणारा अंमलदार, येऊन त्यात शेरा लिहायचा आणि गाव तो शेरा पुढच्या वर्षापर्यंत देवासारखा जपून ठेवायचं. कारकुनानं त्या बुकाला हात लावायचा नसतो. मास्तरला हे ठाऊक होतं.

"आपण दिप्टी का?" त्यानं हळूच विचारलं.

"मी बी. ए. आहे," मी म्हटलं.

दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण मास्तरनं बुक काढलं. या एका वाक्यानं मला आयुष्यात पुष्कळ ठिकाणी आत घेतलंय आणि तितक्याच ठिकाणी तोंडघशी पाडलंय. त्या दिवशी आत घेतलं. मी बैठक मारून लिहिलं:

'शाळा सोप्यावर भरवावी. अंतर दीड हात. कमी नको, जास्तही नको. सर्व मुलांस लागू.'

पाटलांनी मास्तरकडून ते दोनदा वाचून घेतलं. "कमी नको ह्ये समजलं," ते म्हणाले. "पर जास्त असलं तर काय बिघडतंय? जास्त तर बरंच की. लांबचं लांब."

"डॉक्टरनं दीड सांगितलंय. दीड म्हणजे दीड. एक जरी पोर दीड हाताच्या पलीकडं बसलं तरी तक्ता नामंजूर."

"आन् नामंजूर झाला तर?"

"शाळा बंद. पुढचा तक्ता पावसाळ्यानंतर."

जास्त नको, असा काही नियम नव्हता; पावसाळ्याचाही नव्हता. पाटलांनी पान थुंकलं. नातू सोप्याच्या पायरीवर बसून दगड मारत होता, त्याच्याकडं त्यांनी एकदा बघितलं. मी शेरेबुकावर वाळू टाकली आणि शाई वाळायची वाट बघत बसलो.

"दीड हात म्हंजी कुणाचा हात?" पाटलांनी शेवटी विचारलं. "माझा का मास्तरचा?"

"सरकारचा," मी म्हटलं आणि माझाच हात पुढं केला.

पाटलांच्याच गाड्यांचे कासरे आणवून एकात एक जोडले. मास्तरनं जमिनीवर उकिडवं बसून दीड दीड हातावर गाठी मारायला घेतल्या. हे काम त्यानं फार मन लावून केलं. प्रत्येक गाठ ओढून बघत होता. ज्याचा मुलगा पुढच्या ओळीत होता त्या माणसानं मारलेल्या त्या गाठी. मी वर्णनात प्रौढ भाषेत लिहिलं होतं ते सगळं छापताना गेलं, पण या गाठी तेवढ्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येक गाठीवर एक पोर. दोर अंथरला की जागा ठरली. बोलायला नको, मोजायला नको, मास्तरनं कोणाला सरकवायला नको. साथीनंतर शाळा उघडायची याहून चांगली रीत मी नंतरही कुठं बघितली नाही, आणि ती दोन आण्यांच्या दोरात बसत होती.

दोर अंथरल्यावर पाटलांना नवी शंका आली. "पावणं, दोर एकच हाय."

"मग?"

"शेवटच्या गाठीला त्यांचा पाय लागला, तर इटाळ दोरावरनं हितपतूर न्हाय का येणार?"

मास्तर माझ्याकडं बघायला लागला. जमलेलं सगळं गाव बघायला लागलं. मी तर्कशास्त्र शिकलो होतो, मला त्यात बरे गुण होते. "विटाळ गाठीशी अडतो," मी म्हटलं. "गाठी मारल्यात त्या कशाला?"

पाटलांनी विचार केला. "आसं व्हय," ते म्हणाले. "मग दोन दोन गाठी मारा की."

मास्तरनं सगळ्या गाठी दुहेरी केल्या. संस्थानातला पहिला तेली बी. ए. मी नसेन, पण गाठीत विटाळ अडवणारं शास्त्र काढणारा पहिला मीच. त्याची मला लाज वाटायला हवी. थोडी वाटते.

सोमवारी सकाळी शाळा भरली. ती चार शेवटच्या चार गाठींवर बसवायची, हे गावानं मागितलं आणि मी कबूल केलं. ते मी लपवत नाही. पण सोपा आखूड आणि कासरा लांब. एका ओळीत बसेना. मास्तरनं दोर भिंतीच्या टोकाशी वळवून मागं आणला, आणि शेवटच्या गाठी आल्या त्या पहिल्या गाठींच्या बरोबर पाठीमागं. पहिल्या गाठीवर पाटलांचा नातू होता. त्याच्या मागच्या गाठीवर ती नाव काढणारी धाकटी येऊन बसली. मी दीड हात मोजला. पाटलांनीही मोजला, दोनदा, आपल्या हातानं, आणि त्यांचा हात लांब असल्यामुळं तो दीड हातापेक्षा कमीच भरला.

"कमी हाय," ते म्हणाले.

"सरकारी हातानं बरोबर आहे."

उकिरड्याजवळ उभी असलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. मग पोरांनी एकदम पाढे म्हणायला सुरुवात केली आणि बोलणं ऐकू येईनासं झालं.

कोल्हापूरला परत आलो आणि वर्णन लिहून साहेबांपुढं ठेवलं. दोर, गाठी, पोतं, खिडकी, सगळं. साहेबांनी तांबड्या शाईची दौत ओढून घेतली. दोर गेला, कारण 'कासरा हा शब्द ग्राम्य आहे'. पोतं गेलं, कारण 'खात्याच्या शाळेची निंदा होते'. मास्तरचा मुलगा गेला, कारण 'व्यक्तिगत'. सगळं खोडून झाल्यावर जे उरलं ते पुस्तकात पहिलं छापलं गेलं: 'अंतर राखण्याची चाल ज्या ग्रामी पूर्वापार आहे, तेथील पाठशालेत व्याधीचा उपद्रव अल्प झाला. हे उदाहरण सर्वत्र अनुकरणीय होय.'

मी म्हटलं, "साहेब, याचा अर्थ गावोगाव काय होईल ते आपल्याला कळतंय का?"

"अर्थ स्पष्ट आहे," साहेब म्हणाले.

अर्थ स्पष्टच होता. पुस्तक सगळ्या शाळांना गेलं आणि महिनाभरात मास्तरांची उत्तरं आली. आता कोणीही कोस लिहिले नव्हते. 'पुस्तकाप्रमाणे अंतर राखिले आहे.' 'पूर्वापार अंतर होते, ते वाढविले.' 'दोन मुले सोप्यावर होती, ती आवाराबाहेर बसविली.' एकही तक्ता चुकीचा भरला नव्हता. साहेबांनी मला बोलावून ते दाखवलं आणि म्हणाले, "पाहा, मास्तरवर्ग सुधारतो आहे." मी ते तक्ते ओळीनं फायलीत लावले. माझी तीन अक्षरं प्रत्येकात होती, कोणाच्या मोडीत, कोणाच्या बाळबोधेत.

माझ्या शेऱ्याची गोष्टही लपून राहिली नाही. पाटलांनीच कोणाकडून तरी अर्ज लिहवून पाठवला. साहेबांनी मला उभं करून विचारलं, "शेरेबुकात कारकुनानं लिहावं हे कोणत्या नियमात बसतं?" ताकीद मिळाली आणि मास्तरला पत्र गेलं: सदर शेरा अनधिकृत असल्याने खोडावा. त्या पत्राची स्वच्छ नक्कल मलाच करायला लावली. केली. शेरा खोडला की 'जास्तही नको' गेलं, आणि ती चार दरडीवर जाणार, हे कळत असताना वळणदार अक्षरात केली. लोक मला विचारतात, बी. ए.चा काय उपयोग झाला. अक्षर सुधारलं.

तीन आठवड्यांनी मास्तरचं उत्तर आलं. तो वाळका, खाली बघणारा मास्तर. त्यानं लिहिलं होतं: 'शेरा सरकारी बुकात असल्यामुळे तो खोडण्याचा अधिकार या शाळेस नाही. खोडणेस दिप्टीसाहेबांस पाठवावे. ते येईतो शेऱ्याप्रमाणे वहिवाट चालू आहे.'

मी ते पत्र साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी दिप्टीला बोलावलं. दिप्टी पोटानं मोठे होते आणि त्यांना गाडीचे हादरे सोसत नसत.

"अंतर किती?" दिप्टींनी मला विचारलं.

"ठाण्यापासून नऊ कोस," मी म्हटलं. "पैकी चार चढाचे. वाटेत दोन ओढे."

दिप्टी म्हणाले, पावसाळा झाला की बघू. पत्र त्यांच्या ढिगात गेलं. पावसाळा झाला, आणखी एक झाला. दिप्टी बदलले, नवे आले. त्यांनीही मला तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. माझ्या तीन अक्षरांनी कुणाचं काही भलं केलं असेल तर ते एवढंच.

त्यानंतर त्या गावाहून एकदाच कागद आला. जुना दोर झिजल्यानं नवा घेण्यास मंजुरी मिळावी, असा मास्तरचा अर्ज. खाली गाठींची संख्या दिली होती, ती आधीपेक्षा दोननं जास्त होती. ती दोन पोरं कुठल्या वाड्यातली ते लिहिलं नव्हतं, आणि खुलासा मागवायची माझी पद्धत असूनही मी तो मागवला नाही. दोर मंजूर करायचा अधिकार कारकुनाला नसतो. मी 'मंजूर' लिहिलं, खाली सही केली आणि सहीपुढं बी. ए. घातलं.